फवारणी बंद ठेवून मका निवडताना: खानदेशात अळीला तोंड देणारं वाण घडवण्याची रीत

जुलै संपत आला की सकाळी लवकर मक्यात शिरावं आणि एखादा पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उकलून पाहावा. आत लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा दिसते आणि तिच्याखाली अळी. डोक्यावर उलटा ‘वाय’, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तेव्हापासून आमच्या तापीकाठी मका पेरणाऱ्याच्या पाठीवरून पंप उतरलेला नाही. शेजारचे आप्पा म्हणतात, “भाऊ, अळी ते पोंगाम्हा बठेल शे.” फवारा पानांवर पडतो आणि अळी आत सुरक्षित राहते, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

औषध कोणतं आणि किती, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी इथं लिहितोय ते मक्याचं झाडच अळीला पुरून उरेल अशा दिशेने बी निवडत नेण्याबद्दल. चोपडा तालुक्यातल्या माझ्या अर्ध्या एकरावर मी हे काम करतो. एकट्या शेतकऱ्याला, शेतकरी गटाला किंवा कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला करता येईल एवढंच यात आहे. प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि एक गोष्ट मनात पक्की असावी लागते: ज्या झाडावर अळी आलीच नाही, ते झाड चांगलं की वाईट हे कुणालाही सांगता येत नाही.

ही गोष्ट मी पहिल्या वर्षी चुकूनच शिकलो. बांधाजवळच्या कोपऱ्यात दहा-बारा झाडं अगदी कोरी उभी होती. आनंदाने त्यांची कणसं राखली, पुढच्या खरिपात पेरली आणि सगळी इतर मक्यासारखीच खाल्ली गेली. ती झाडं उशिरा उगवली होती, पतंगाने तिथं अंडीच घातली नव्हती. नशिबाने वाचलेलं झाड आणि स्वतःच्या बळावर टिकलेलं झाड यांतला फरक ओळखणं, हेच या कामाचं मूळ आहे.

आधी कीड ठरवा

मक्याला कीड एक नाही. खरिपात लष्करी अळीबरोबर ठिपक्यांचा खोडकिडा येतो. त्याची अंडी पानाच्या खालच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चिकटलेली असतात. गुंडाळलेल्या पोंग्यातून अळी आरपार खाते, म्हणून पान उलगडलं की त्यावर आडव्या रांगेत भोकं दिसतात. पुढे मधला शेंडा सुकतो, तो ओढला की सहज हातात येतो. त्याला आपण पोंगेमर म्हणतो. रब्बीत गुलाबी खोडअळी पानाच्या देठाच्या आवरणाआड अंडी घालते, त्यामुळे अंडी डोळ्याला पडत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलेल्या मक्याला खोडमाशी लागते. कणसाच्या टोकाला घाटेअळी, आणि घरात पोत्यात सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे.

या सगळ्यांना एकच झाड एकाच कारणाने तोंड देईल असं समजू नका. कोवळ्या मक्याच्या पानात डिम्बोआ नावाचं एक कडू रसायन असतं. युरोपातल्या खोडकिड्याला ते मारक ठरतं हे १९६० च्या दशकातच सिद्ध झालं. पण लष्करी अळी त्याच रसायनाला पोटात साखर जोडून निरुपद्रवी करते. शिवाय झाड मोठं होतं तसं पानातलं त्याचं प्रमाण घटत जातं. म्हणून सुरुवातीला एकच कीड मुख्य धरा. खानदेशात खरिपासाठी ती लष्करी अळीच असणार. खोडकिड्याची नोंद सोबत ठेवा.

झाड टिकतं ते तीन प्रकारे

रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये केलेली विभागणी आजही कामाला येते. पहिला प्रकार: किडीला झाड आवडतच नाही, तिथं अंडी कमी पडतात किंवा अळी सोडून जाते. दुसरा: अळी खाते पण तिची वाढ खुंटते, ती मरते किंवा लहान राहते. तिसरा: अळी खाते, वाढतेही, पण झाड नवी पानं काढून सावरतं आणि कणीस भरतं.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण अमेरिकेच्या मिसिसिपीत तयार झालेला एमपी ७०८ हा मका. अळीने पान कुरतडलं की या झाडात एक प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) पोंग्याकडे जमा होतं आणि अळीच्या आतड्याच्या आतल्या पातळ पडद्याला भोकं पाडतं. अळी खात राहते पण अंगी लागत नाही. घाटेअळीबाबत असाच प्रकार कणसाच्या केसांत असतो. काही मक्यांच्या केसांत मेसिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि केस खाऊनच कणसात शिरणारी अळी तिथंच खुरटते.

शेतकऱ्याने यातलं कोणतं द्रव्य आहे हे शोधत बसू नये. पण तिसरा प्रकार, म्हणजे सावरण्याची ताकद, आपण नेहमी दुर्लक्षित करतो. पंधराव्या दिवशी फाटकं दिसणारं झाड पंचेचाळिसाव्या दिवशी हिरवंगार उभं असेल तर त्याला बाद करू नका.

एक प्रश्न इथं हमखास येतो: कपाशीसारखा बीटी मका, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला, का नाही? आपल्या देशात बीटी मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. आणि कपाशीचं आपण खानदेशात डोळ्यांनी पाहिलंय. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, आणि गुलाबी बोंडअळी दोन्हींना सरावली. पोर्टो रिकोत लष्करी अळी एका बीटी मक्याला अशीच काही वर्षांत पुरून उरली. एका कुलपाला एकच किल्ली पुरते. निवडीतून येणारी सहनशीलता अनेक जनुकांची मिळून बनते, हळूहळू साठते, आणि अळीला ती एका झटक्यात मोडता येत नाही. मात्र ती पूर्ण संरक्षण देत नाही. दोन-तीन फवारण्यांऐवजी एकीवर भागलं तरी काम झालं, असं धरून चाला.

बी कुठून आणायचं

निवड करायची तर निवडायला वैविध्य हवं. एकाच कंपनीच्या संकरित मक्याचं बी राखून पेरलं तर त्यात फार काही सापडत नाही. मी सहा ते आठ वेगवेगळी वाणं एकत्र करायला सांगेन.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात पावरा आणि भिल्ल घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राखलेला मका आहे: पांढरा, पिवळा, लवकर येणारा. धडगाव परिसरात बायफ संस्थेने अशा स्थानिक मका-ज्वारीच्या वाणांची गावपातळीवर बियाणे बँक उभी केली. या मक्याचं उत्पादन संकरितापुढे कमी पडतं, पण डोंगरात औषधाविना टिकलेला तो मका आहे. ज्याच्या घरून बी घ्याल त्याला विचारून, कशासाठी नेताय ते सांगून घ्या. तयार झालेलं वाण पहिल्यांदा त्याच्या हातात परत द्या.

दुसरा स्रोत म्हणजे विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याचं मका संशोधनाचं काम कोल्हापूरला चालतं. मांजरी, करवीर ही संमिश्र वाणं (मोकळ्या परागीकरणाने वाढवलेली मिश्र वाणं) घेता आली तर उत्तम, कारण संमिश्र वाणाचं बी दरवर्षी राखता येतं. धुळ्याचं कृषी महाविद्यालय किंवा पाल, धुळे, नंदुरबार इथली कृषी विज्ञान केंद्रं यांच्यामार्फत मागणी केली की सोपं जातं.

तिसरा स्रोत सिमिट, म्हणजे मेक्सिकोतलं आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र. त्यांनी कॅरिबियन बेटांवरच्या अँटिग्वा मक्याचं रक्त घेऊन अनेक खोडकिड्यांना सहनशील असे मक्याचे समूह बांधले. २०२० मध्ये त्यांनी आफ्रिकेसाठी लष्करी अळीला सहनशील असे तीन संकर जाहीर केले. त्यांची चाळणी केनियात किबोको इथं जाळीघरात अळ्या सोडून केली होती. सिमिटचं भारतातलं मक्याचं काम हैदराबादहून चालतं. एकट्या शेतकऱ्याला हे बी मिळणं अवघड. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला सोबत घेतलं तर करारावर मिळू शकतं.

ही सगळी वाणं समप्रमाणात मिसळून एक हंगाम मोकळ्या परागीकरणाने वाढवा. आजूबाजूच्या मक्यापासून २०० मीटर अंतर हवं. खानदेशात खरिपात एवढं अंतर मिळत नाही, म्हणून पेरणी अशी धरा की तुमचा तुरा (शेंड्यावरचा परागाचा फुलोरा) शेजाऱ्याच्या तुऱ्यापेक्षा तीन-चार आठवडे पुढेमागे येईल.

बीजप्रक्रियेचा सापळा

हे वेगळं सांगतो, कारण यात एक अख्खा हंगाम वाया जातो. बाजारातल्या बऱ्याच मका बियाण्यावर सायअँट्रानिलिप्रोल आणि थायामिथोक्झाम या कीटकनाशकांची प्रक्रिया केलेली असते. ती उगवणीनंतर सुमारे दोन-तीन आठवडे अळी रोखते. नेमक्या याच काळात आपण झाडं तपासणार असतो! प्रक्रियेचं रंगीत बी आणि साधं बी शेजारी पेरलं की रंगीत बियाण्याचं झाड विजयी ठरतं, आणि आपण त्याच्या गुणाचं कौतुक करत बसतो. बी धुऊन उपयोग नाही. चाचणीत येणारं प्रत्येक बी एकतर सगळं बिनप्रक्रियेचं असावं, किंवा एक पिढी आपल्या शेतात वाढवून घेतलेलं असावं.

शेताची मांडणी

चाचणीचा तुकडा सपाट, एकसारख्या मातीचा निवडा. खत सगळीकडे सारखं पडलं पाहिजे. जिथं युरिया जास्त पडला तिथं पानं लुसलुशीत होतात आणि अळीही जास्त येते. मग तुम्ही वाण मोजत नाही, युरिया मोजता. ओळीतलं अंतर ७५ सेंटिमीटर, झाडातलं २०.

चाचणीच्या पेरणीआधी बारा-पंधरा दिवस कडेने आणि मधेमधे लवकर बळी पडणाऱ्या मक्याच्या ओळी पेरा. त्यांच्यावर पतंग जमतात, अंडी घालतात, आणि पुढची पिढी मुख्य चाचणीवर उतरते. स्वीटकॉर्न या कामाला चांगला. दर दहा ओळींनंतर एक ओळ अशाच बळी पडणाऱ्या वाणाची ठेवा; ती तुमची मोजपट्टी. ती ओळ कुठे कोरी राहिली तर त्या भागात अळी पोचलेलीच नाही, तिथले गुण धरू नका.

एका ठिकाणी दोन दाणे टोकून विरळणी करतो, ती अळी येण्यापूर्वी उरका. नंतर विरळणी केली की हात आपोआप खाल्लेलं रोप उपटतो आणि पुरावाच नाहीसा होतो.

अळी सोडायची

निसर्गाच्या भरवशावर अळी सगळीकडे सारखी पडत नाही. म्हणून ती हाताने सोडावी लागते. शेजाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो. त्याला आधीच सांगा, तुकडा छोटा ठेवा, आणि मोजणी झाल्यावर तिथल्या अळ्यांचा बंदोबस्त करण्याचं वचन द्या आणि पाळा. अळी आपल्याच शिवारातली वापरा, दुसऱ्या भागातून आणू नका.

आधी पेरलेल्या त्या आमिषाच्या ओळींवर लष्करी अळीचे अंडीपुंज शोधा. पानावर करड्या केसांची मऊ लव पसरल्यासारखे ते दिसतात. एका पुंजात साधारण शंभर-दोनशे अंडी. पानाचा तेवढा तुकडा कापून झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाजवळ ठेवा. दोन-तीन दिवसांत काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या निघतात. त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मऊ ब्रशने प्रत्येक रोपाच्या पोंग्यात पाच अळ्या सोडा आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाच. रोप उगवून बारा ते चौदा दिवसांचं असावं. दोन वेळा सोडण्याचं कारण: एक संध्याकाळ पावसात गेली तरी दुसरी हाती राहते.

या अळ्या मोठ्या होताना एकमेकींना खातात, त्यामुळे शेवटी पोंग्यात एक-दोनच उरतात. कुठे तीन सापडल्या, कुठे एक, यावरून वाण ठरवू नका. आपण मोजायचं ते पानाचं नुकसान.

गुण कसे द्यायचे

अळी सोडल्यापासून सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक झाडाला १ ते ९ गुण द्या. जगभर मका पैदासकार वापरतात ती ही पद्धत मी थोडी सोपी करून देतो:

१ – खूण नाही, किंवा फक्त टाचणीएवढी भोकं.
३ – पोंग्याच्या पानांवर गोल भोकं, काही बारीक लांबट चट्टे.
५ – काही पानांवर बोटाच्या पेराएवढे लांब चट्टे, थोडी मध्यम भोकं.
७ – बहुतेक पानांवर लांब चट्टे, मोठी वेडीवाकडी भोकं.
९ – पोंगा जवळजवळ फस्त.

मधल्या अवस्थेला २, ४, ६, ८. गुण देणारा माणूस सगळ्या हंगामात एकच हवा. ओळीला नाव नको, फक्त क्रमांक. नाव दिसलं की आवडत्या वाणाला हात सैल सुटतो. माझ्याकडे मुलगी गुण सांगते आणि मी लिहितो. तिला कोणती ओळ कशाची हे माहीत नसतं.

पावसाची झड लागली तर सावध राहा. दमट हवेत लष्करी अळीला एक बुरशी लागते. मेलेल्या अळ्या पोंग्यात ताठ, पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या भुकटीने माखलेल्या दिसतात. शेतासाठी ही उत्तम गोष्ट, पण त्या आठवड्यात सगळीच वाणं चांगली दिसतात. मोजपट्टीची ओळ ५ च्या खाली राहिली तर त्या हंगामाचा निकाल धरू नका, बी राखून पुन्हा पेरा.

खोडकिड्यासाठी काढणीच्या वेळी प्रत्येक ओळीतली दहा ताटं उभी चिरा आणि पोखरलेल्या बोगद्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. वेळ खाणारं काम आहे, पण पानावर कोरं आणि आतून पोकळ असं झाड याशिवाय सापडत नाही.

सावरण्याची ताकद मोजायला प्रत्येक वाणाची एक ओळ फवारणी करून आणि एक न करता वाढवा. समजा, एका वाणाचं फवारलेल्या ओळीत ८ किलो आलं आणि न फवारलेल्या ओळीत ६ किलो. घट २५ टक्के. दुसऱ्याचं ७ किलो आणि ६.३ किलो, घट १० टक्के. मी दुसरं वाण निवडेन, पानाचे गुण थोडे वाईट असले तरी.

सोपी रीत: तुरे काढून निवड

मका परपरागी आहे. कणीस चांगल्या झाडाचं निवडलं तरी पराग कुठल्या झाडाचा आला हे कळत नाही, म्हणून निवडीचा निम्माच फायदा पदरी पडतो. पण पानं खाणाऱ्या अळीचं नुकसान तुरा येण्याआधी दिसतं, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. वाईट झाडाचा पराग उडण्याआधीच आपण तो थांबवू शकतो.

दहा गुंठ्यांत मिश्र बी पेरा. सहा-साडेसहा हजार झाडं बसतात. सुतळी बांधून पाच-पाच मीटरच्या चौकटी पाडा, साधारण चाळीस होतील. निवड नेहमी चौकटीतल्या चौकटीत करायची, म्हणजे मातीचा, पाण्याचा फरक आड येत नाही. एकविसाव्या दिवसाचे गुण झाल्यावर ६ आणि त्यावरच्या झाडांना चुन्याची खूण करा. तुरा पानातून बाहेर डोकावला, पण परागकोश उघडले नाहीत, अशा वेळी खूण केलेल्या झाडांचे तुरे उपटून टाका. हे काम आठ-दहा दिवस रोज सकाळी फेरी मारूनच होतं. निदान एक तृतीयांश झाडांचे तुरे मात्र शिल्लक ठेवा.

काढणीला प्रत्येक चौकटीतून पाच चांगली कणसं घ्या: कमी गुणाची, नीट भरलेली, उभ्या ताटाची. चाळीस चौकटींची दोनशे कणसं. प्रत्येक कणसातून सारखे दाणे काढून मिसळा. तेच पुढच्या खरिपाचं बी. संख्या कमी केली तर दोन-तीन पिढ्यांत झाडं बुटकी, कणसं आखूड होऊ लागतात. दरवर्षी एक फेरी. तीन-चार फेऱ्यांनंतर मूळ मिश्र बी आणि नवं बी शेजारी पेरून फरक पाहा. मूळ बी त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं जपून ठेवा.

पक्की रीत: स्वपरागण करून कुळं तपासणं

ज्याला जास्त वेगाने जायचंय त्याने हा मार्ग धरावा. एका फेरीला दोन वर्षं लागतात, पण निवड एका झाडाच्या नशिबावर न राहता त्याच्या लेकरांच्या ओळीवर ठरते.

रब्बीत, ऑक्टोबरअखेर पेरलेल्या मिश्र मक्यात सुमारे तीनशे झाडांचं स्वपरागण करा, म्हणजे झाडाचा पराग त्याच्याच कणसावर टाका. रब्बी अशासाठी की जानेवारीत हवा कोरडी असते, पावसाने पराग भिजत नाही, आणि विहिरीचं पाणी हाती असतं. उन्हाळी मक्यात हे करायला जाऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पराग वांझ होतो.

कणसाचा कोंब पानाच्या बगलेत दिसू लागला आणि केस अजून बाहेर आले नाहीत, तेव्हाच त्यावर बटर पेपरची छोटी पिशवी चढवायची. ती ताट आणि कोंबाच्या मध्ये खोचून बसवा, वाऱ्याने उडत नाही. एकही केस आधी बाहेर आला असेल तर ते झाड सोडून द्या. रोज पिशवीतून पाहायचं; केस दोन-तीन सेंटिमीटर आले की त्या दुपारी पिशवी उचलून, कोंबाचं टोक केसांसकट धारदार कात्रीने छाटायचं आणि लगेच पुन्हा झाकायचं. रात्रीतून सगळे केस सारखे वाढून ब्रशसारखा झुपका तयार होतो. त्याच संध्याकाळी तुऱ्यावर मोठी खाकी कागदी पिशवी चढवून तळाशी घडी घालून क्लिप लावा. बाहेरून तुऱ्यावर पडलेला परका पराग रात्रीतून मरतो.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरा हळूच वाकवून पिशवीत झटका. पिशवीत पिवळी भुकटी दिसली पाहिजे. नुसते परागकोश पडले असतील तर तासाभराने पुन्हा या. कणसावरची पिशवी काढणं, पराग ओतणं आणि तुऱ्याची पिशवी कणसावर चढवून ताटाभोवती क्लिप लावणं, हे सगळं एका दमात व्हावं. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभं राहा. पिशवीवर पेन्सिलने तारीख आणि झाडाचा क्रमांक लिहा. शाईचं लिखाण दवाने पुसतं, मी एकदा चाळीस कणसं याच कारणाने गमावली.

तीनशेतली दीडशे कणसं नीट भरली तरी पुरे. प्रत्येक कणसाचे दाणे दोन पाकिटांत वाटा. एक पाकीट खरिपाच्या चाचणीला: चार मीटरची एक ओळ, अशी दोन जागी (दोन पुनरावृत्ती), दर ठिकाणी दोन दाणे, म्हणजे ऐंशी दाणे. दुसरं पाकीट कोरड्या, थंड जागी जपून. खरिपात अळ्या सोडून, गुण देऊन, पंधरा ते वीस कुळं निवडा; एका कणसाची लेकरं म्हणजे एक कुळ. चाचणीतल्या झाडांचं बी घ्यायचं नाही, त्यांत परका पराग शिरलेला असतो. रब्बीत निवडलेल्या कुळांची जपून ठेवलेली पाकिटं उघडा. प्रत्येक कुळाच्या दोन ओळी मादी म्हणून, आणि त्यांच्याशेजारी सगळ्या कुळांचं मिश्रण नर म्हणून पेरा. मादी ओळींचे तुरे काढा. मादी ओळींवर आलेलं बी म्हणजे सुधारलेला समूह. त्यापासून पुढची फेरी.

स्वपरागणाने झाडं खुजी, अशक्त दिसतात, त्याला घाबरू नका. गुणांची तुलना त्यांची एकमेकांशीच करायची, शेजारच्या संकरिताशी नाही.

यातूनच संकर करायचा झाला तर सर्वोत्तम कुळांचं आणखी चार-पाच पिढ्या स्वपरागण करून शुद्ध ओळी काढाव्या लागतात. ते विद्यापीठाच्या सोबतीने करण्याचं काम. एवढं लक्षात असू द्या की हा गुण बहुतांशी बेरजेने उतरतो. एक पालक सहनशील आणि दुसरा नाजूक असेल तर लेकरू मधलंच निघतं. दोन्ही बाजू तपासून घ्याव्या लागतात.

कणीस आणि साठवण

कणसावरची सालं टोकापलीकडे चार बोटं गेलेली आणि घट्ट आवळलेली असतील तर घाटेअळी, पाऊस आणि शेतातूनच येणारे सोंडे या तिघांनाही अडथळा होतो. हे डोळ्याने निवडता येतं, खर्च शून्य. सातपुड्यातल्या मक्यात अशी कणसं पुष्कळ दिसतात. सालं गुंफून चुलीवर आढ्याला टांगायची तर ती लांब हवीतच.

दाण्याची परीक्षा घरी होते. प्रत्येक वाणाचे ५० ग्रॅम सारखे वाळलेले दाणे आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे आत आधीच असलेली कीड मरते. मग बाहेर काढून काचेच्या बरणीत घाला, प्रत्येकीत तीस सोंडे सोडा, तोंडाला मलमलचं कापड बांधा. दहा दिवसांनी सोंडे चाळून काढा. दीड-दोन महिन्यांनी नवे किती निघाले ते मोजा. टणक, काचेसारख्या दाण्यात ते बहुधा कमी निघतात, पिठूळ दाण्यात जास्त.

कायदा आणि वही

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी राखता, पेरता, देवघेव करता आणि ब्रँडचं नाव न लावता विकता येतं. स्वतः घडवलेलं वाण शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवताही येतं. दुसऱ्याचं नोंदणीकृत वाण प्रयोगासाठी वापरायला हरकत नाही, पण तेच वाण पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरून व्यापारी बी काढायचं तर परवानगी लागते.

प्रत्येक पिढीसाठी एक वही ठेवा: पेरणीची तारीख, पावसाचे दिवस, अळी सोडल्याची तारीख, ओळीचा नकाशा, गुण, वजन. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटात आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या टाका. मिश्र बियाण्याचे दोन किलो दाणे हवाबंद डब्यात घालून, शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या विश्वासू शेतकऱ्याच्या घरी ठेवा. विहिरीचं पाणी एखाद्या रब्बीत आटलं, तर तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते.